नॉर्वेतली समानता कुणापर्यंत पोहोचली? (बायका, सामी लोक आणि बाहेरून आलेले आपण)

फ्योर्डकाठी

नॉर्वेचा विषय निघाला की मराठी मंडळींत दोनच सूर ऐकू येतात. 'तिथे बायकांना सगळं मिळालंय' हा एक, आणि 'तिथे परक्यांची मुलं सरकार उचलून नेतं' हा दुसरा. मी ट्रॉन्डहाइमला राहते, नोकरी करते, इथल्या कायद्यांचा मला स्वतःला भरपूर फायदा झाला आहे. तरी इथला इतिहास वाचताना एक गोष्ट सतत खुपते. बायकांची समानता आणि अल्पसंख्याकांची समानता या देशात एका वेगाने चाललेली नाही. जी बाई दोन्हींत मोडते, तिच्या वाट्याला ती सर्वांत उशिरा आली. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

४ फेब्रुवारी १९८१ रोजी ग्रो हार्लेम ब्रुंटलँड नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. दोनच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, १४ सामी बायका त्यांना भेटायला आल्या. सामी म्हणजे उत्तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला भागातले मूळ रहिवासी. फिनमार्क या नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या भागात आल्टा नदीवर वीजप्रकल्प होणार होता आणि त्यात रेनडिअरच्या चराईचे रस्ते जाणार होते. जानेवारीतच तिथे साखळदंडांनी स्वतःला बांधून बसलेल्या आंदोलकांना हटवायला सरकारने ६०० पोलीस पाठवले होते. पंतप्रधानांची भेट संपली, त्या निघून गेल्या, पण या बायका जागच्या उठल्या नाहीत. तिथेच ठिय्या दिला. शेवटी पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

ब्रुंटलँडबाईंबद्दल मला मनापासून आदर आहे. १९८६ साली त्यांनी १८ जणांच्या मंत्रिमंडळात ८ बायका घेतल्या, त्याची साऱ्या जगाने दखल घेतली. पण १९८१च्या त्या आठवड्यातल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असं मला वाटतं.

आता त्याआधीची एक तारीख सांगते: ९ जून १९७८. या दिवशी नॉर्वेचा स्त्री-पुरुष समानतेचा कायदा मंजूर झाला. पुढच्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र लोकपाल नेमला गेला, आणि त्या पदावर ईवा कोलस्टाड आल्या. जगात असं पद दुसरीकडे नव्हतं. त्याच ९ जूनची तारीख आणखी एका कायद्यावर आहे, तो म्हणजे रेनडिअरपालनाचा. सामी समाजात कळप एकत्र चरतो, पण प्रत्येक जनावर कुणाचं ते त्याच्या कानावरून कळतं. पाडसाच्या दोन्ही कानांना सुरीने ठरावीक खाचा पाडतात, आणि ती खूण माणसागणिक वेगळी असते. मुलीलाही लहानपणीच स्वतःची खूण मिळते, नामकरणाला किंवा पहिला दात आला की जनावर भेट मिळतं, आणि लग्न झालं तरी तिची जनावरं तिचीच राहतात. १९७८च्या कायद्याने सरकारी नोंदीसाठी कळप चालवण्याचा एक घटक आणि त्याचा एक प्रमुख ठरवला. बहुतेक घरांत तो घटक नवऱ्याच्या नावावर लागला. अनुदान, मतदान, हिशेब सगळं त्या नावाने. म्हणजे ओस्लोतल्या पगारदार बाईला ज्या दिवशी कायद्याचं संरक्षण मिळालं, त्याच दिवशी फिनमार्कमधल्या बाईची पिढ्यान्‌पिढ्यांची मालकी कागदावरून मागे सरकली. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कायदा लिहिणाऱ्यांना ती बाई दिसलीच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

वास्तविक सामी चळवळ उभी करणाऱ्यांत बायका पहिल्यापासून पुढे होत्या. ६ फेब्रुवारी १९१७ला आमच्या ट्रॉन्डहाइममधल्या मेथडिस्ट चर्चमध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सामींची पहिली परिषद भरली. ती भरवण्यात पुढाकार होता एल्सा लाउला रेनबर्ग या दक्षिण सामी बाईचा. आज ६ फेब्रुवारी हा सामींचा राष्ट्रीय दिन आहे.

नॉर्वेत राहणाऱ्यांनी, राहून आलेल्यांनी आपापला अनुभव जरूर लिहा. मतभेद असतील तर तेही.

कोकणवारा

उत्तम धागा. रेनडिअरच्या कानांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. एक शंका: तो समाज मुळातच समानतेचा होता ना? थंड प्रदेश, लहान लोकसंख्या, बायकाही शेत नि होड्या सांभाळणाऱ्या. त्यामुळे कायदे सहज झाले असावेत असं मी समजत होतो.

फ्योर्डकाठी

@कोकणवारा, सहज काहीच झालेलं नाही. लग्न झालेल्या बाईला स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याचा कायदेशीर हक्क १८८८ साली मिळाला. गीना क्रूग आणि सहकाऱ्यांनी स्त्री-हक्कांची संघटना १८८४ मध्ये काढली. पुरुषांना सार्वत्रिक मतदान १८९८ साली मिळालं. बायकांना मात्र टप्प्याटप्प्याने: १९०१ साली नगरपालिकेसाठी, तेही ठरावीक उत्पन्न असलेल्यांना, १९०७ साली त्याच अटीवर संसदेसाठी, आणि १९१३ साली सगळ्यांना. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं अर्ज, सभा, सह्या चालू होत्या.

मतदान मिळालं म्हणून जागा मिळाल्या असंही नाही. उत्सिरा नावाचं समुद्रातलं एक चिमुकलं बेट आहे. तिथे १९२५च्या निवडणुकीत १२ पैकी ११ जागांवर बायका निवडून आल्या, आणि ओसा हेल्गेसेन ही सुईण देशातली पहिली महिला महापौर झाली. पण पुढची कित्येक वर्षं तो अपवादच राहिला.

खरी गंमत १९७१ची. तेव्हा स्थानिक निवडणुकीत मतदाराला पक्षाच्या यादीतली नावं खोडण्याची आणि दुसरी वर आणण्याची मुभा होती. यादीत पुरुष वर, बायका तळाशी. महिला संघटनांनी घरोघर समजावून सांगितलं की कुणाचं नाव कसं खोडायचं. निकाल लागला तेव्हा ओस्लो, ट्रॉन्डहाइम आणि आस्केर या तीन ठिकाणी सभागृहात बायकांचं बहुमत! वर्तमानपत्रांनी त्याला 'बायकांचं बंड' म्हणून हिणवलं. नियमाच्या चौकटीत राहून पेन्सिलने केलेलं मतदान होतं ते. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, जरी तेव्हा माझा या गावाशी काही संबंध नव्हता.

आणि 'मुळात समानतेचा समाज' म्हणाल, तर ज्या १८१४च्या घटनेचा इथे दर १७ मे रोजी उत्सव होतो, तिच्या दुसऱ्याच कलमात ज्यूंना देशात प्रवेशबंदी होती. कवी हेन्रिक वेर्गेलान यांनी ती उठावी म्हणून आयुष्य वेचलं, आणि ती उठली १८५१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. फिनमार्कमध्ये तर १९०२च्या नियमाने सरकारी जमीन विकत घ्यायची असेल तर नॉर्वेजियन भाषा लिहिता-वाचता येणं आणि ती रोज वापरणं ही अट होती. सामी आणि क्वेन (फिनिश मूळ असलेले) लोकांच्या मुलांना वसतिशाळांत टाकून त्यांची भाषा तोडली. हे कितीतरी दशकं अधिकृत धोरण होतं.

रोखठोक

माहितीपूर्ण आहे सगळं, पण मला एक थेट विचारायचं आहे. नॉर्वेचं नाव सगळ्यांत जास्त कशासाठी घेतलं जातं, तर कंपन्यांच्या संचालक मंडळात ४० टक्के बायका हव्यात या कायद्यासाठी. त्याने सामान्य बाईचं काय भलं झालं? वरच्या थरातल्या मूठभर बायकांना खुर्च्या मिळाल्या. आणि कोट्यातून आलेलीला मान मिळतो का? मी विरोधासाठी विरोध करत नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मनस्विनी_ओस्लो

@रोखठोक, प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर थोडं लांबेल.

आधी तो कायदा. २००२ साली हे जाहीर करणारे उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएलसेन उजव्या पक्षाचे होते, हे आपल्याकडे कुणाला माहीत नसतं. २००३ मध्ये कायदा झाला, कंपन्यांना आधी स्वखुशीने करायला वेळ दिला. कुणी फारसं हललं नाही. मग सक्ती आली आणि २००८ पासून अट न पाळणारी सार्वजनिक मर्यादित कंपनी बरखास्त होऊ शकेल अशी तरतूद लागू झाली. लगेच जागा भरल्या. 'लायक बायका मिळत नाहीत' ही तक्रार कुठल्या कुठे गेली. २०२३ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनाही टप्प्याटप्प्याने हेच लागू करायचं ठरलं. म्हणून कोट्याला माझा पाठिंबा आहे. मान खुर्चीवर बसून काम केल्यावर मिळतो, आधी खुर्ची तर हवी.

पण तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. मी ओस्लोच्या पूर्व भागात म्हाताऱ्यांच्या शुश्रूषा केंद्रात काम करते. दुपारी शिफ्ट बदलताना आमच्या खोलीत फिलिपिनो, सोमाली, तमिळ, पोलिश, एरिट्रियन बायका असतात, आणि एखाददुसरी नॉर्वेजियन. मजल्यावरचं काम आमच्याकडे. आमच्यातल्या बहुतेकींची पोस्ट ६० टक्के, ७० टक्के अशी. घर चालायला ती पुरत नाही, म्हणून फोनकडे डोळे लावून बसायचं: कुणी आजारी पडलं की रिकाम्या शिफ्टचा मेसेज येतो आणि जी आधी 'हो' म्हणेल तिला ती मिळते. शनिवारी रात्री पोराच्या वाढदिवसाला केक कापता कापता मी 'हो' लिहिलेलं आहे. देशात साधारण तीन नोकरदार बायकांमागे एक अर्धवेळ काम करते, आणि सगळ्यात जास्त अर्धवेळ पोस्ट आमच्याच क्षेत्रात आहेत. कोट्याचा कायदा इथवर येत नाही.

इथवर येतो तो कामगार कायदा. त्यात एक कलम आहे, ते कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. गेल्या १२ महिन्यांत तुम्ही नेमणुकीपेक्षा नियमितपणे जास्त तास काम केलं असेल, तर तेवढ्या टक्क्यांची पोस्ट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०२३ पासून तर पूर्णवेळ नेमणूक हाच मुख्य नियम ठरला. मला हे युनियनच्या बाईने सांगितलं. आमच्या वरिष्ठांनी कधी आपणहून सांगितलं नव्हतं. तासांचे कागद जमा केले, पत्र दिलं, आता माझी पोस्ट पूर्ण आहे. माझ्याबरोबरच्या दोघींनी अर्ज केला नाही. कारण? 'उगाच वाईट दिसेल.' हे वाईट दिसण्याचं भय आपण घरून घेऊन येतो, आणि इथे परदेशी आडनाव असलं की ते दुप्पट होतं.

कोकणवारा

हे कलमाचं फार कामाचं सांगितलंत. माझ्या ओळखीचे एक कुटुंब बर्गनला आहे, त्यांना पाठवतो.

स्टाव्हंगरकर

मी तेलक्षेत्रात इंजिनिअर, त्यामुळे आमच्या ऑफिसात पुरुषच जास्त. तरी मला इथे सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वडिलांची रजा. १९९३ साली बापासाठी राखीव ४ आठवडे सुरू झाले: बापाने घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. आता पूर्ण पगारावरच्या ४९ आठवड्यांपैकी १५ आईचे, १५ बापाचे, काही जन्माआधीचे आणि उरलेले वाटून घ्यायचे. 'बुडतात' हीच त्यातली मेख. साहेबाकडे रजा मागताना ओशाळं व्हावं लागत नाही, कारण साहेबाने स्वतः घेतलेली असते.

पण फ्योर्डकाठी यांचा मुद्दा मला इथेही दिसला. पगारी रजेसाठी बाईने आधीच्या १० पैकी किमान ६ महिने कमावलेलं असावं लागतं. आपल्या मुली लग्न करून डिपेंडंट व्हिसावर येतात, भाषा शिकण्यात वर्ष जातं, तेवढ्यात दिवस राहतात. तिला पगारी रजा नाही, सरकारकडून एकरकमी मदत मिळते. आणि ती नोकरीत किंवा पूर्णवेळ शिक्षणात नसेल तर बापाची रजाही बरीच कापली जाते. आमच्या घरी हेच झालं. बायको फार्मसीतली पदवीधर, पण त्या वर्षी सरकारदरबारी ती 'काम न करणारी'. ज्या बाईला बाहेर पडायला हात हवा, नेमका तिच्याच घरी तो कमी पोहोचतो. नियम सर्वांना सारखा, परिणाम सारखा नाही.

ज्यांच्या घरी नवीन लग्न आहे त्यांना एकच सांगतो. मुलगी आली की लगेच भाषेचा वर्ग आणि काही तासांची का होईना, कराच्या नोंदीतली नोकरी. उशीर करू नका.

रोखठोक

मनस्विनी आणि स्टाव्हंगरकर, दोघांचे आभार. कोट्याबद्दल माझं मत थोडं हललं. पण मूळ प्रश्न उरतोच: 'मुलं उचलून नेतात' त्याचं काय? त्यावर कुणीच बोलत नाही.

अभ्यासिका

मी पुण्यात कायद्याची प्राध्यापिका, या विषयावरचे निकाल शिकवते, म्हणून लिहिते.

आपल्याकडे सगळ्यांना स्टाव्हंगरचं २०११-१२चं बंगाली कुटुंबाचं प्रकरण आठवतं, त्यावर २०२३ मध्ये हिंदी सिनेमाही आला. दोन लहान मुलं बालकल्याण खात्याने (बार्नेवार्न) ताब्यात घेतली. दिल्लीतून राजनैतिक दबाव आला, २०१२ साली मुलं भारतात काकांकडे आली आणि पुढे कोलकाता उच्च न्यायालयातून आईला मिळाली. त्या घरात नेमकं काय घडत होतं हे बाहेरच्यांनी ठरवू नये. फाइल्स गोपनीय असतात आणि पडद्यावर एकच बाजू येते.

पण न्यायालयात तपासली गेलेली प्रकरणं आहेत, आणि ती मला जास्त बोलकी वाटतात. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्वेविरुद्ध निकाल दिला. त्यातली आई नॉर्वेजियन होती. म्हणजे हे खातं फक्त परक्यांवर उठतं हा समज पुरता खरा नाही. मग १० डिसेंबर २०२१चा निकाल. एक सोमाली मुलगी अल्पवयीन असताना बाळाला घेऊन निर्वासित म्हणून आली. तिचं बाळ काढून घेतलं गेलं. तिने विनंती केली की निदान नातलगांकडे किंवा सोमाली, मुस्लिम घरात द्या. ते झालं नाही. बाळ ख्रिस्ती कुटुंबात वाढलं आणि शेवटी त्याच कुटुंबाला दत्तक दिलं गेलं. निकाल सांगतो की या आईच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला, आणि हा हक्क तिच्या धर्मस्वातंत्र्याच्या प्रकाशात वाचायला हवा होता. आई-मुलाचं नातं तुटू नये म्हणून भेटी ठेवायला हव्या होत्या, त्याही अगदी मोजक्या ठेवल्या गेल्या.

ती मुलगी बाई होती, निर्वासित होती, काळी होती, मुस्लिम होती, आणि स्वतः लहान होती. यातल्या एकेका गोष्टीसाठी नॉर्वेत चांगले कायदे होते. सगळं एकाच माणसात आलं तेव्हा यंत्रणेला ते पेललं नाही. २०१८ पासून लागू असलेल्या समानता कायद्यात अनेक कारणं एकत्र आल्याने होणारा भेदभावही स्पष्टपणे धरला आहे. २०२३ पासूनच्या नव्या बालकल्याण कायद्यात मुलाची भाषा, धर्म आणि संस्कृती विचारात घेण्याची जबाबदारी आहे, सामी मुलांच्या हक्कांचा वेगळा उल्लेख आहे. हे बदल उगाच झाले नाहीत. त्यामागे या आया कोर्टात उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. नॉर्वेत मुलाला मारणं १९८७ पासून पालकांनाही कायद्याने मना आहे. 'आमच्याकडे चालतं' हे तिथे सांगू नये, आणि माझ्या मते इथेही सांगू नये.

कोकणवारा

शेवटच्या परिच्छेदाला +१.

रोखठोक

चांगलं लिहिलंत. मग आता उलट बाजू. अल्पसंख्याक समाजाच्या आत बायकांवर जे चालतं, त्यावर बोललं की लगेच वंशवादी ठरवतात. नॉर्वेत हे कसं हाताळतात?

फ्योर्डकाठी

@रोखठोक, हा माझ्या मते या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो विचारलात हे बरं केलंत.

टुस्फ्योर नावाचा उत्तरेकडचा भाग. लुले सामी (सामींचाच एक गट) लोकांची वस्ती, धार्मिक वळणाची माणसं. २०१६ मध्ये तिथल्या ११ स्त्री-पुरुषांनी वर्तमानपत्रात स्वतःच्या नावाने, चेहऱ्याने सांगितलं की लहानपणी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले. पोलिसांनी तपास केला आणि २०१७ च्या अहवालात १५१ प्रकरणं समोर आली, काही दशकांपूर्वीची, बरीच मुदत उलटलेली. पोलिसांनी आपण कमी पडल्याची कबुली देऊन माफी मागितली. इतकी वर्षं गप्प का राहिले सगळे? ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'मागास' म्हणून वसतिशाळेत कोंबलं, तो समाज पोलिसांकडे जाताना शंभरदा विचार करतो. बोललो तर पुन्हा आपल्यालाच नावं ठेवतील ही भीती. आणि बाहेरचे म्हणतात, 'त्यांचं त्यांच्यात बघून घेऊ द्या, संस्कृती आहे.' या दोन्हींमध्ये पोरगी सापडते.

ओस्लोत त्याच २०१६ मध्ये मुस्लिम स्थलांतरितांच्या घरातल्या काही तरुण मुलींनी जाहीर लिहायला सुरुवात केली. घरातून लाजेच्या नावाखाली होणारी टेहळणी आम्ही सोसणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्याच वेळी उजव्या गटांना सांगितलं की आमचं म्हणणं तुमच्या कामासाठी वापरू नका. दोन्ही बाजूंनी धमक्या आल्या. मला वाटतं रोखठोक, उत्तर त्या मुलींकडे आहे. आधी त्यांचं ऐकायचं, आणि त्या बोलतील तेव्हा पोलिसांत, शाळेत त्यांना समजणारं माणूस असायला हवं.

आता फोसेनबद्दल लिहिते, कारण ते माझ्या घरापासून फ्योर्डच्या (समुद्राच्या खाडीच्या) पलीकडे आहे. तिथल्या पवनचक्क्यांच्या परवान्याने सामी रेनडिअरपालकांच्या सांस्कृतिक हक्काचा भंग होतो असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी दिला. पाती मात्र फिरतच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये, निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, तरुण सामी मंडळींनी ओस्लोत ऊर्जा मंत्रालयाच्या आत ठाण मांडलं. पुढे होती एला मारी हेट्टा इसाक्सेन, गायिका आणि अभिनेत्री. त्यांनी आपले पारंपरिक अंगरखे उलटे घातले होते, शिवणीचे दोरे बाहेर, रंगीत पट्ट्या आत. निषेधाची ती जुनी रीत. पोलिसांनी पुन्हा उचललं. या वेळी सरकारने काही दिवसांत माफी मागितली, आणि पुढे वर्षभरात नुकसानभरपाई, जादा चराई असे करार झाले. पवनचक्क्या मात्र हलल्या नाहीत.

१९८१ आणि २०२३ मध्ये फरक नाही असं मी म्हणणार नाही. आल्टाचं धरण झालं, पण त्या आंदोलनामुळेच सामींची स्वतःची संसद १९८९ मध्ये उघडली. राजे हाराल्ड यांनी १९९७ मध्ये तिथे माफी मागितली. २०२३ मध्ये या लोकांची भाषा-संस्कृती तोडण्याच्या जुन्या धोरणावरचा सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी नॉर्वेच्या संसदेने सामी, क्वेन आणि वनफिन (जंगलात वस्ती केलेल्या फिनिश लोकांचे वंशज) लोकांची माफी मागितली. आज सामी संसदेच्या अध्यक्षपदी सिल्ये कारीने मुओट्का ही बाई आहे. हे सगळं त्यांनी मिळवलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं बायकांनी.

स्टाव्हंगरकर

थोडी भर. नागरिकत्व नसलं तरी तीन वर्षं सलग राहणाऱ्याला नगरपालिका आणि जिल्ह्यासाठी मतदान करता येतं, १९८३ पासून. वर सांगितलेल्या १९७१ सारखं व्यक्तीला अधिक मत देणं नगरपालिकेत आजही चालतं. आपली मंडळी 'आपल्याला काय त्याचं' म्हणून जात नाहीत. बार्नेहागेची (बालवाडीची) जागा, शाळा, शुश्रूषा केंद्रातल्या नेमणुका हे सगळं नगरपालिकेकडेच असतं. पाकिस्तानी मूळ असलेल्या मंडळींनी हे फार आधी ओळखलं. त्यांच्यातलीच हादिया ताजिक २०१२ मध्ये २९व्या वर्षी मंत्री झाली.

उमा_नाशिक

मी फक्त वाचत होते, पण आता विचारतेच. माझी मामेबहीण लग्न करून ओस्लोत आहे. फोनवर तिचा आवाज बदललेला वाटतो. नवरा पगार, पासपोर्ट सगळं स्वतःकडे ठेवतो, आणि 'माझ्याशिवाय तुझा व्हिसा राहणार नाही' असं म्हणतो. हे खरं आहे का? तिला परत यायचं नाहीये, तिथे शिकतेय ती. ताई, कुणी सांगाल का?

अभ्यासिका

उमा, हे पूर्ण खरं नाही. परदेशी नागरिकांच्या कायद्यात कलम ५३ आहे. कुटुंबाच्या आधारावर परवाना मिळालेल्या व्यक्तीचा नात्यात छळ झाला असेल, तर नातं तुटल्यावरही तिला स्वतःच्या नावाने राहण्याचा परवाना मागता येतो. छळ म्हणजे मारहाणच असायला हवी असं नाही, धमक्या आणि कोंडमाराही त्यात धरतात. तिने घर सोडण्याआधी वकिलाचा किंवा संकटकेंद्राचा सल्ला घेतला तर उत्तम, पण धोका असेल तर आधी बाहेर पडावं, कागद मागून.

मनस्विनी_ओस्लो

उमाताई, मी ओस्लोतच आहे, म्हणून पुढचं सांगते.

२०१० पासून प्रत्येक नगरपालिकेला छळ झालेल्यांसाठी संकटकेंद्राची सोय ठेवणं बंधनकारक आहे. राहणं, जेवण, सल्ला फुकट. कुणाची चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं. दुभाषी मिळतो. तिथे राहणाऱ्यांत स्थलांतरित बायकाच जास्त असतात, त्यामुळे तिला तिथे परकं वाटणार नाही. ११६ ००६ हा छळ-अत्याचारासाठीचा देशभरचा मदतक्रमांक आहे. जिवाला धोका वाटला तर ११२ ला पोलीस.

आत्ता तिला एवढंच सांगा: पासपोर्ट आणि परवान्याच्या कार्डाचे फोटो काढून तुम्हाला पाठवून ठेवायचे आणि स्वतःच्या फोनमधून पुसायचे. स्वतःच्या नावाचं बँक खातं नसेल तर उघडायचं. भाषेच्या वर्गातल्या शिक्षिकेला सांगायला हरकत नाही, त्यांना अशा गोष्टींची माहिती असते. आणि तिच्याशी बोलताना नवरा जवळ आहे का हे ओळखायला तुमच्या दोघींचा एखादा साधा प्रश्न ठरवून ठेवा, 'मामीचं गुडघ्याचं दुखणं कसंय' असा. मला खासगी निरोप करा, मी तिच्याबरोबर जाईन.

उमा_नाशिक

निरोप केला आहे ताई. आज रात्री तिच्याशी बोलते.